खांद्यावरलं मडकं

पौषातली पहाट. सारंगगडाच्या तिन्ही अंगांच्या दऱ्या धुक्यानं काठोकाठ भरलेल्या, आणि त्या पांढऱ्या पसाऱ्यातून वर आलेला गडाचा काळा माथा, त्याचे चार बुरूज, देवीच्या देवळाचा बुटका कळस आणि ओलसर होऊन काठीला चिकटलेलं निशाण, एवढंच काय ते जगात उरलं आहे असं वाटावं, अशी ती वेळ होती. धुक्याच्या तळाशी गनिमाची छावणी होती. ती दिसत नसे, पण घोड्यांचं खिंकाळणं आणि पखालवाल्यांच्या हाळ्या वर येत, आणि गडावरच्या तहानलेल्या शिबंदीला त्या हाळ्याच तोफेपेक्षा जास्त लागत. वेढ्याला तीन महिने झाले होते. धान्य होतं, दारूगोळा होता. पाणी मात्र हत्तीटाक्याच्या खालच्या सात पायऱ्यांपुरतं उरलं होतं.

त्या टाक्याच्या वाटेवर चौकी बसवली होती. आवडी तांब्याचा हंडा खांद्यावर घेऊन आली की पहारेकरी भाला आडवा धरून विचारी,

"कोण आहे?"

"आवडी."

"कोणाची?"

"सरकारची."

मग भाला वर जाई. हा पहारेकरी तिला बारा वर्षं ओळखत होता, तापानं फणफणला तेव्हा तिच्याच हातची पेज प्यायला होता. पण हुकूम तो हुकूम. आवडीनंही ते उत्तर इतक्या वेळा दिलं होतं की त्याला आता पायरीवर हंडा टेकवल्याच्या आवाजाइतकाच अर्थ उरला होता.

ती गडाची कुणबीण होती. म्हणजे दासी, सरकारनं घेतलेली, सरकारनं ठेवलेली. सारंगगडाच्या कोठीत अशा बारा जणी होत्या: कोणी लुटीत धरलेली, कोणी बदकर्माचा ठपका ठेवून शिक्षा म्हणून गडावर धाडलेली, कोणी दुष्काळात आईबापांनीच आणून दिलेली. आवडी सात वर्षांची असताना अशीच आली. बापाचा चेहरा तिला आठवत नसे. तिच्या बदल्यात बापानं डोईवर घेतलेली नाचणीची पाटी मात्र आठवे. नवी पाटी होती, बांबूचा ओला वास येत होता.

पूर्वी ह्या बायका मातीच्या घागरी वाहत. निसरड्या पायऱ्यांवर त्या फार फुटत, म्हणून कोणा जुन्या किल्लेदारानं तांब्याचे हंडे दिले. घागरी फुटायच्या थांबल्या. बायकांचे खांदे मात्र एका बाजूला कलले ते कायमचे.

बारा जणींतली सगळ्यांत धाकटी आवडीची लेक, कृष्णी. वय सोळा. कुणबिणीच्या पोटचं मूलही सरकारचंच, त्यामुळे ती कधी आली हे कोणाला विचारावं लागलं नव्हतं. ती कोणाची, हे मात्र विचारता आलं असतं, कारण काही ऐकून पटलं नाही की कृष्णीची डावी भुवई वर चढे, आणि अगदी तशीच भुवई चढवण्याची लकब गडावर आणखी एकाच माणसाला होती. तो माणूस म्हणजे किल्लेदार हैबतराव दळवी. सगळ्या गडाला ठाऊक होतं, म्हणूनच कोणी बोलत नसे. आवडीही नाही. तरुणपणी बोलावलं की जावं लागे, ती गेली. पुढं बोलावणं थांबलं, तेव्हा तिला बरंच वाटलं. त्यात सांगण्यासारखं तिला काही वाटत नसे.

आवडी ज्यांच्याकडे पहिला हंडा रिता करी ते गडाचे सबनीस नारो अनंत, सगळ्यांचे शास्त्रीबुवा. शिबंदीची हजेरी ठेवणं हे त्यांचं काम, आणि ते काम म्हणजे त्यांची शिक्षा होती. एकेकाळी ते हुजुरात, म्हणजे राजाच्या दरबारी, न्यायाच्या कामी होते. तिथं त्यांनी लांबलचक अर्ज लिहिला, की ह्या राज्यात माणसाची खरेदी-विक्री बंद व्हावी, गडोगडीच्या कोठ्या मोकळ्या कराव्या. अर्ज वाचून कोणी रागावलं नाही. सगळे हसले, आणि शास्त्रीबुवांची नेमणूक जिथं हुजुराचा जासूदसुद्धा वर्षातून दोनदा येई अशा ह्या गडावर झाली. हैबतरावांनी त्यांना सदरेवर येऊन असलं बोलायची मनाई केली. मग ते आवडीशी बोलत.

"राज्य कशाला असतं, आवडे? दुबळ्याला बळकटापासून राखायला. आता ते राज्यच माणसं घ्यायला बाजारात उतरलं, तर दुबळ्यानं दाद कोणाकडे मागावी?"

"मला काय विचारता, शास्त्रीबाबा. मी पाणी आणलंय. रांजणात ओतू की घंगाळात?"

"रांजणात. मोकळीक ही राजानं द्यायची बक्षिसी नव्हे, बघ. ती माणसाबरोबर जन्मते, नाळेसारखी."

"नाळ तर कापतातच की. कृष्णीची मीच कापली. विळ्यानं."

शास्त्रीबुवा दचकत, मग हसत. कोणी वाद घातला की त्यांना आनंद होई. गडावर तेवढं सुख त्यांना आवडीच देत असे. एकदा तिनं सहज विचारलं,

"एवढा मोठा अर्ज लिहिलात, मग शाई कोणी खलली?"

"सखूनं," ते म्हणाले.

"सखू कोण?"

"आमच्या घरची... कुणबीण होती. आईच्या वेळेपासूनची."

"मग अर्जात तिचं नाव घातलं असेल."

"नाही. ती समोर बसली होती, पण मला दिसली नाही." आणि थोड्या वेळानं, "मी इथं आलो आणि मेव्हण्यांनी तिला कोणाला तरी देऊन टाकलं. कोणाला, ते मी तीनदा पुसलं. कळवत नाहीत."

त्या दिवसापासून आवडी त्यांच्या रांजणात अर्धा हंडा जास्त ओतू लागली. माणूस निदान खोटं बोलत नाही, एवढंच तिच्या मनात आलं असावं.

गडावर हैबतरावांच्या खालोखाल अधिकार मुतालिक विसाजी राम यांचा. गोड बोलणं, गोरा वर्ण, आणि वेढ्यातसुद्धा परीटघडीचा अंगरखा. खालच्या सरदाराचा वकील बोलणी करायला आला, तेव्हा त्याची उतरायची व्यवस्था विसाजीपंतांच्या ओसरीवर झाली, आणि त्याच्या पायांवर पाणी घालायला आवडीला बोलावणं गेलं.

दुपार कलली होती. वकिलानं पाय पुढं केले, आवडी तांब्यानं धार धरू लागली. वकील आधी बोलेना. त्यानं डोळ्यांनीच तिच्याकडे खूण केली. विसाजीपंत हसले.

"ही? ही कोठीतली आहे. आपण बोलावं."

ही चूक त्या काळी भले भले करीत. भिंतीला कान असतील म्हणून दारं लावून घेत, आणि पाणी घालणारीला तिथंच उभी ठेवत.

"मग उद्याची पहाट पक्की?" वकिलानं विचारलं.

"पक्की. रावसाहेब नित्याप्रमाणे टाक्यावर पाय धुऊन देवीला जातील. तिथून मी त्यांना चोरदिंडीकडे नेईन. अडसर खिळखिळा झालाय, सरकारांनी डोळ्यांखालून घालावा, म्हणून सांगेन. दिंडीच्या वाटेला तीन वळणं आहेत. एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो, आणि आपल्या गडाचा शिरस्ता असा की धनी नेहमी पुढं. दुसऱ्या वळणावर माझी दोन माणसं असतील. जो पहिला येईल त्याच्यावर हात चालवायचा, एवढंच त्यांना सांगितलंय. मग दिंडी उघडी, आणि आपले लोक आत."

"गड आपला राहील, सरदारांचा शब्द आहे. सरदारांनी आणखी एक पुसलंय. कोठीत कोणी तरणी आहे म्हणे."

"आहे की. गडाबरोबर कोठी आलीच. पहिल्या दिवशी तीच धाडतो."

तांब्यातली धार जराही हलली नाही. पुढं कितीतरी वर्षं आवडीला ह्याचंच आश्चर्य वाटत राहिलं.

दिवे लागायच्या आत ती शास्त्रीबुवांच्या खोपीत होती. सगळं ऐकून ते ताडकन उठले, पागोटं शोधू लागले. "मी आत्ता जातो. सदरेत नाही घेतलं तर दारात उभा राहून ओरडतो."

"बसा," आवडी म्हणाली. "एकदा तुम्ही म्हणाला होता, धन्याचा जीव वाचवला की दास मोकळा होतो. खरं का ते?"

"खरं. स्मृतीत आहे. प्राणसंकटातून धन्याला सोडवील तो दास राहत नाही, आणि वर त्याला पुत्राचा वाटा मिळतो. त्याची रीतही आहे. धन्यानं दासाच्या खांद्यावरलं भरलं मडकं आपल्या हातानं उतरवून फोडायचं, पूर्वेला तोंड करून त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडायचं, आणि तीनदा म्हणायचं, तू दास नव्हेस." बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळला. "आवडे, तूच सांग सरकारांना. तू मोकळी होशील."

"आणि कृष्णी?"

ते थांबले. डोळे मिटून त्यांनी मनात कितीतरी पानं उलटली असावीत. "वाचवणाऱ्याला, असंच आहे. त्याच्या मुलांविषयी काही नाही."

"मग कृष्णीनं वाचवायला हवं," आवडी म्हणाली.

शास्त्रीबुवा म्हणाले, "पोर आहे ती. भलतंच काही झालं तर."

"काय व्हायचंय? टाक्यावर पाय धुवायला पाणी घालायचं, आणि दोन शब्द बोलायचे. एरवी मी जाते, उद्या ती जाईल. तुम्ही शिबंदीतल्या राणोजी नाइकाला सांगून ठेवा, त्याची माणसं जवळ असू द्या. पण पहिलं तिला बोलू द्या, शास्त्रीबाबा. तुम्ही आधी बोललात तर वाचवणारे तुम्ही. तुम्ही तर मोकळेच आहात."

नारो अनंतांनी आयुष्यभर मोकळिकीवर लिहिलं होतं. ती मागायला आलेल्या बाईला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. "बरं," ते म्हणाले, आणि तो एक शब्द ते मरेपर्यंत विसरले नाहीत.

पहाटे आवडीनं लेकीची वेणी घातली. कृष्णी सगळं ऐकून घेत होती, आणि तिची भुवई वर होती.

"तूच सांग ना, आई. तू मोकळी हो. मी राहते."

"माझे दिवस गेले. तुझे जायचेत."

"मोकळं झाल्यावर काय करायचं असतं?"

आवडीला ते माहीत नव्हतं. तिनं वेणी आवळली. "कुठं जायचं ते कोणाला विचारायचं नसतं."

"आणि कुठं जायचंच नसलं तर?"

"तर बसायचं. पण आपलं आपण बसायचं."

कृष्णी हसली. हंडा खांद्यावर घेऊन उतरली. चौकीवर पहारेकऱ्यानं विचारलं, कोणाची? तिनं सांगितलं, सरकारची, आणि मागं वळून आईकडे बघून डोळे मिचकावले, जणू हे शेवटचंच.

धुकं अजून तटाच्या पायाशी होतं. हैबतराव आले. पन्नाशीला टेकलेला पण ताठ गडी, अंगावर जाड दुलई, पाठीमागं हुजऱ्या आणि दहा पावलांवर विसाजीपंत. आवडी वरच्या पायरीवर रिकामा हंडा घासत बसली होती; हातातली राख कधीच संपली होती. कृष्णीनं पायांवर पाणी घातलं आणि खाली बघूनच ती म्हणाली,

"सरकार, एक अर्ज आहे."

"बोल."

"आज चोरदिंडीशी जाऊ नये. दुसऱ्या वळणावर दोन मारेकरी आहेत. मुतालिकसाहेबांनी ठेवलेत."

हैबतरावांची भुवई चढली. "विसाजीपंत, ऐकलंत का?"

विसाजीपंतांचा अंगरखासुद्धा हलला नाही. "ऐकलं, सरकार. कोठीत रिकामा वेळ फार असतो, आणि सबनिसांची तिथं ऊठबस असते. बाकी, दासीची साक्ष शास्त्रात बसत नाही. गेल्या साली चोरीच्या कज्ज्यात भर सदरेत हे कोणी सांगितलं? सबनिसांनीच."

ते खरं होतं. गेल्या साली किल्लेदारांनी शास्त्र विचारलं आणि शास्त्रीबुवांनी आहे तसं सांगितलं. ते चुकीचं आहे, असंही त्यांना सांगायचं होतं; पण तेवढं पुसलं नव्हतं.

हैबतराव क्षणभर त्या पोरीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. चढलेल्या भुवईकडे. मग त्यांनी नजर काढून घेतली. काही गोष्टी फार वेळ पाहिल्या तर कबूल कराव्या लागतात. ते म्हणाले, "कोठीतल्या पोरीच्या शब्दावर आम्ही मुतालिकांचा संशय धरायचा? आणि शिबंदी काय म्हणेल, किल्लेदार आपल्याच दिंडीला भ्याला? चला."

ते देवीला गेले, आणि देवीकडून दिंडीकडे वळले.

कृष्णी तिथंच उभी होती. तिनं एकदा आईकडे पाहिलं. सांगून झालं होतं, पण वाचवून झालं नव्हतं, आणि तो हिशेब त्या पोरीला आईहून आधी कळला. तिनं भरला हंडा खांद्यावर घेतला, पायऱ्या चढली, आणि हुजऱ्याला, मुतालिकाला, किल्लेदाराला ओलांडून पुढं झाली. सारंगगडावर कुणबीण धन्याच्या पुढं कधी चालली नव्हती.

"ए, मागं हो," हुजऱ्या खेकसला.

ती मागं झाली नाही. दिंडीच्या अंधाऱ्या वाटेत ती पहिली शिरली.

आवडीला दिसलं काहीच नाही. तिला हंडा ऐकू आला, एका पायरीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. तो फुटला नाही. तांब्याचा होता.

पुढचं सगळं एकदमच झालं. हैबतरावांनी तलवार उपसून पहिलं वळण रोखलं, तटामागून राणोजी नाइकाची दहा माणसं धावली आणि सर्वांत पुढं, हातात कोणाची तरी काठी घेऊन, आयुष्यात कधी न धावलेले शास्त्रीबुवा धावले. दोन्ही मारेकरी तिथंच पडले. दिंडीबाहेर कड्याला चिकटून बसलेल्या गनिमाच्या लोकांवर वरून धोंडे सुटले. पळता पळता विसाजीपंतांचा अंगरखा निवडुंगात अडकला. गड वाचला.

कृष्णीला उघड्यावर आणलं तेव्हा तिला थोडी धुगधुगी होती. आवडीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. पोर ओठ हलवत होती.

"आई, झालं का?"

"झालं," आवडी म्हणाली. "झालं, बाळा."

दिवस वर आला तशी सदर भरली. मनाई मोडून नारो अनंत सदरेवर आले. त्यांना कोणी अडवलं नाही. त्यांच्या धोतरावरचं रक्त वाळलं होतं. मुजरा करून ते म्हणाले,

"सरकारांनी त्या मुलीला रीतीप्रमाणे दास्यातून मोकळं करावं, एवढी अर्जी आहे."

हैबतराव थकलेल्या आवाजात म्हणाले, "मेलेल्याला मोकळं काय करायचं, शास्त्रीबुवा? ती झालीच की मोकळी."

"नाही, सरकार. ती मेली. मरण आणि मोकळीक एकच असती, तर आपण तीन महिने हा गड कशासाठी लढवतो आहोत? कड्यावरून उड्या घेतल्या असत्या. परक्याच्या ताब्यात जायचं नाही, आपल्यावर दुसऱ्याची मालकी नको, म्हणून पाचशे माणसं चूळभर पाण्यावर दिवस काढतात, आणि त्याला आपण शौर्य म्हणतो. तेच कोठीतल्या बाईला वाटत असेल, हे आपल्या मनात का येत नाही? जे राज्य स्वतःसाठी स्वातंत्र्य मागतं आणि स्वतःच्या टाक्यावर दासी ठेवतं, त्याच्या तटाला आज ना उद्या आतूनच भगदाड पडतं, सरकार. आज ते मुतालिकांनी पाडलं, आणि बुजवलं कोणी, ते आपण पाहिलंत."

"आणि गेल्या साली साक्षीचं शास्त्र सांगितलंत ते?"

"तेही मीच सांगितलं." शास्त्रीबुवांचा आवाज खाली आला. "तिला लागलेल्या घावातला अर्धा माझा आहे. उरलेल्या अर्ध्याचं मी बोलत नाही. स्मृतीत आणखी असं आहे, की प्राण राखणाऱ्याला पुत्राचा वाटा द्यावा."

हैबतरावांनी मान खाली घातली. मग ते उठले. "मडकं आणा," म्हणाले.

मडकं आणायचं कुठून? गडावर सगळे हंडे तांब्याचे. अखेर देवीच्या देवळात नवरात्रात मांडलेला मातीचा घट सापडला, तळाशी वाळून गेलेली धान्याची रोपं असलेला. तो धुऊन हत्तीटाक्याच्या पाण्यानं भरला. चिता पश्चिम बुरुजाखाली रचली होती, कारण वेढ्यात गडाखाली नेणं शक्यच नव्हतं. कुणबिणीच्या मयताला एरवी मडकं नसे. ते खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरायला आपलं माणूस लागतं, आणि कुणबिणीला आपलं माणूस नसतं, असं सगळ्यांनी धरलेलं होतं.

"मडकं कोण घेणार?" गुरवानं विचारलं.

कोणी हललं नाही. हैबतराव दोन पावलांवर उभे होते. त्यांचा हात किंचित वर आला, आणि पाचशे माणसं बघताहेत हे जाणवून तिथंच राहिला.

मग आवडी पुढं झाली. बायकांनी चितेजवळ यायचं नसतं. तिला कोणी म्हटलं नाही. तिनं मडकं उचलून खांद्यावर ठेवलं, पाणी भरणाऱ्या त्याच कललेल्या खांद्यावर, आणि चालू लागली. तिसऱ्या फेऱ्याला हैबतराव वाटेत आले. त्यांनी दोन्ही हातांनी तिच्या खांद्यावरलं मडकं उतरवलं. पूर्वेला तोंड करून त्यातलं पाणी त्या पोरीच्या कपाळावर शिंपडलं, मडकं दगडावर आपटलं आणि म्हणाले,

"तू दासी नव्हेस."

दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा आवाज फाटला. तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले. शास्त्रीबुवा मोठ्यानं म्हणाले, "ऐकलं. मी साक्षी आहे." मग थोडं थांबून, "सरकार, मडकं आपण आवडीच्या खांद्यावरून उतरवलंत. रीतीनं आता हीही मोकळी."

सगळ्यांनी आवडीकडे पाहिलं. ती खापऱ्या गोळा करत होती.

"मला नको होतं," ती म्हणाली. "तिला हवं होतं."

हैबतरावांनी ते मडकं धनी म्हणून फोडलं की बाप म्हणून, हे गडावर पुढं बराच काळ लोक हळू आवाजात बोलत. आवडीनं कधी विचारलं नाही.

वीस दिवसांनी खालच्या सरदाराला दुसरीकडून बोलावणं आलं आणि वेढा उठला. विसाजीपंतांना बेड्या घालून हुजुरात धाडलं. तिथं त्यांचे नातलग होते, दोन वर्षांत ते दुसऱ्या गडावर रुजू झाले. शास्त्रीबुवांनी दुसरा अर्ज लिहिला. ह्या वेळी पहिल्या ओळीत सखूचं नाव होतं, दुसरीत कृष्णीचं. शाई त्यांनी स्वतः खलली. उत्तर आलं, मजकूर कळला. कोठीत दहा जणी उरल्या होत्या. त्यांचं काय, असं शास्त्रीबुवांनी विचारलं तेव्हा हैबतराव म्हणाले होते, वेढा उठू दे. वेढा उठल्यावर म्हणाले, पावसाळा जाऊ दे.

आवडी गडाखालच्या कुंभारवाड्यात राहिली. मडकी थोपटायला शिकली. पोचा आलेला तांब्याचा हंडा तिनं मागून घेतला होता. तो सरळ बसत नसे, म्हणून त्याला एका बाजूनं दगड लावलेला असे. दर पौषात, त्याच तिथीला, ती मडक्यांची पाटी डोईवर घेऊन गड चढे आणि कोठीच्या दारात ओळीनं मांडून ठेवी, आत जितक्या बायका तितकी मडकी, पाण्यानं भरलेली. बोलत काही नसे. फोडायची असतील तर हाताशी असावीत, इतकंच. पहिल्या साली दहा होती. हैबतराव त्या वाटेनं आले, थबकले, आणि दुसऱ्या वाटेनं गेले. चौथ्या साली आठ होती, कारण दोघी वारल्या. पाचव्या साली शास्त्रीबुवा गेले. त्यांच्या चितेसाठी मडकं आवडीनंच थोपटलं. सहाव्या साली सात होती. हैबतराव काठी टेकत आले, पुष्कळ वेळ उभे राहिले, एका मडक्याच्या गळ्यावर त्यांनी हातही ठेवला. मग हुजऱ्याला म्हणाले, "पुढच्या साली."

पुढच्या सालापर्यंत ते राहिले नाहीत.

त्या पौषात आवडी पहाटेच्या धुक्यातून चढून आली तेव्हा गडावर नवा किल्लेदार होता आणि दरवाज्यावर नवा पहारेकरी. त्यानं भाला आडवा धरला.

"कोण आहे?"

"आवडी."

"कोणाची?"

तिनं पाटी सावरली. तिच्यात सहा मडकी होती.

"कृष्णीची," ती म्हणाली.

ह्या नावाचं कोणतं घराणं, ते त्या परक्या माणसाला आठवेना. कोणी बड्या बाईसाहेब असतील असं समजून त्यानं अदबीनं भाला वर केला, आणि दरवाज्यातली दिंडी उघडली.